समकालीन आफ्रिकी कलेचा अर्थ व प्रयोजन : झारिया कलामंडळ आणि तदनंतर

'समकालीन आफ्रिकी कला' ह्या शब्दसमुच्चयातील तीनही पदे विवाद्य आहेत. त्यांपैकी शेवटच्या पदापासून आरंभ करणे सोयीचे. आफ्रिकेतील भाषांत 'कला' ह्या अर्थाचा शब्दच नाही, सबब तेथील लोकांना कलेची स्वतंत्र जाणीव नव्हती, असे विधान विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील युरोपीय लेखनात वारंवार आढळते. हे विधान वस्तुस्थितीच्या कसोटीस उतरत नाही, आणि तर्काच्या तर नाहीच नाही. नायजेरियातील इगबो भाषेत 'न्का' हा शब्द आहे. घडविणे, घडविण्यातील कौशल्य आणि त्यातून सिद्ध होणारी कृती हे तिन्ही अर्थ तो वाहतो. योरुबा भाषेतील 'ओना' हा शब्द नक्षी, आकृतिबंध व अलंकरण ह्यांचा वाचक आहे, आणि त्यावरून कारागिराचे नामही साधले जाते. ह्या शब्दांच्या अर्थकक्षा युरोपीय संज्ञेशी तंतोतंत जुळत नाहीत एवढेच काय ते खरे. परंतु तेवढ्यावरून अभाव सिद्ध होत असेल, तर माळा गुंफणे, जलक्रीडा आणि पाककर्म ह्यांचा चौसष्ट कलांत समावेश करणाऱ्या आपल्या परंपरेलाही कलेची जाणीव नव्हती असे म्हणण्याची पाळी येईल. 'ललित' हे विशेषण लावून आपण त्या शब्दाचे क्षेत्र आखडून घेतले, ही गोष्ट फार जुनी नाही.

'परंपरा' ह्या शब्दाची कथा याहून बोधक आहे. योरुबा भाषेत परंपरेला 'आशा' म्हणतात. (मराठीतील 'आशे'शी तिचा काही संबंध नाही हे सांगावयास नको.) बेनिन देशातील भाषाशास्त्रज्ञ ओलाबियी याई ह्यांनी हा शब्द 'निवडणे' ह्या अर्थाच्या 'शा' ह्या धातूशी जोडून दाखविला आहे. ही व्युत्पत्ती मान्य केली तर परंपरा म्हणजे पूर्वजांनी हाती ठेवलेले गाठोडे नव्हे. प्रत्येक पिढीने जाणूनबुजून केलेली ती निवड होय. आफ्रिकी कलावंताने परंपरेस 'चिकटून' राहावे की ती 'टाकून' द्यावी, हा विसाव्या शतकभर गाजलेला प्रश्न ह्या भाषेत नीटसा मांडताही येणार नाही. तो बाहेरून आला. तो कोणी व कोणत्या हेतूने विचारला ह्याचा शोध घेतल्यावाचून ह्या कलेच्या अर्थाचा उलगडा होणे कठीण. नायजेरियाचे उदाहरण त्यासाठी विशेष उपयुक्त आहे, कारण हा वाद तेथे दीर्घकाळ आणि स्पष्ट शब्दांत झाला.

ह्या वादाचा प्रारंभच एका विलक्षण विरोधाभासाने झाला. ऐना ओनाबोलू (१८८२–१९६३) हे इजेबू-ओडे येथे जन्मलेले चित्रकार. युरोपीय पद्धतीची व्यक्तिचित्रे ते प्रथम स्वतःच्याच प्रयत्नाने रंगवू लागले; श्रीमती स्पेन्सर सॅव्हेज ह्यांचे त्यांनी काढलेले चित्र १९०६ सालचे आहे. १९२० मध्ये ते लंडनला गेले आणि तेथील सेंट जॉन्स वुड कलाशाळेत शिक्षण घेऊन १९२२ मध्ये परतले. यथार्थदर्शन, शरीररचना आणि छायाप्रकाश ह्यांवर प्रभुत्व मिळविणे हे त्यांचे ध्येय होते. लेगॉसच्या शाळांतून चित्रकला शिकविली जावी म्हणून त्यांनी वसाहतीच्या शिक्षणखात्याचा पिच्छा पुरविला. त्यांच्या खटपटीस यश येऊन १९२७ मध्ये केनेथ मरे हे इंग्रज कलाशिक्षक नायजेरियात दाखल झाले. मात्र मरे ह्यांचे मत नेमके उलट निघाले. आफ्रिकी विद्यार्थ्याने युरोपीय चित्रशाळेचे धडे गिरविल्यास त्याचे अंगभूत सामर्थ्य नष्ट होईल, त्याने आपल्या गावातील जीवन, उत्सव आणि हस्तव्यवसाय ह्यांतूनच विषय व रीत घ्यावी, असे ते शिकवू लागले. इतकेच नव्हे, तर ते स्वतः कुंभारकाम आणि लाकडावरील कोरीवकाम शिकले. त्यांच्या पाच विद्यार्थ्यांच्या कृतींचे प्रदर्शन १९३७ मध्ये लंडनच्या झ्वेमर कलादालनात भरले. पुढे नायजेरियातील पुरावस्तूंच्या जतनाचे कार्य त्यांनी आयुष्यभर निष्ठेने केले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

तरीही हा विरोध विचारात घेण्याजोगा आहे. जित राष्ट्राचा नागरिक जेत्याची विद्या मागत होता आणि जेत्यांचा प्रतिनिधी त्याला 'तू आपल्या मुळांकडे जा' असे सांगत होता. ओनाबोलूंच्या आग्रहाला अनुकरण म्हणून मोडीत काढणे पुढील टीकाकारांना सोपे गेले. पण कृष्णवर्णीयांच्या ठायी हुबेहूब चित्र काढण्याची पात्रताच नाही असे ज्या काळी सर्रास मानले जात होते, त्या काळी एका कृष्णवर्णीयाने हुबेहूब व्यक्तिचित्र काढून दाखविणे हे राजकीय कृत्य होते. येथे इतिहासाने आणखी एक थट्टा केली. १९३८ मध्ये इफे येथे घराच्या पायाचे खोदकाम चालू असता धातूत ओतलेली मानवी मस्तके सापडली. ती युरोपीय संपर्कापूर्वीची असून त्यांतील यथातथ्य प्रतिरूपण पाहून जग थक्क झाले. १९१० मध्ये जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनियस ह्यांनी इफेचे असे एक मस्तक पाहिले, तेव्हा त्याचा संबंध त्यांनी बुडालेल्या अटलांटिसशी जोडला होता. योरुबांच्या पूर्वजांना त्याचे श्रेय देण्यापेक्षा समुद्रतळाशी गेलेल्या एका काल्पनिक खंडाला देणे त्यांना अधिक सयुक्तिक वाटले! ज्या यथार्थतेला मरे परकी समजत होते, ती ओनाबोलूंच्या मातृभूमीत कित्येक शतके पुरलेली होती. दोघांपैकी कोणालाही १९२७ मध्ये ह्या सापडलेल्या मस्तकांची माहिती असणे शक्य नव्हते.

मरे ह्यांच्या पाच शिष्यांपैकी बेन एन्वोन्वू (१९१७–१९९४) ह्यांच्या वाट्याला ह्या दोन्ही भूमिकांचे ओझे आले. त्यांचे वडील ओनित्शा येथील परंपरागत मूर्तिकार होते, तर स्वतः एन्वोन्वूंचे उच्च शिक्षण लंडनच्या स्लेड कलाशाळेत झाले. राणी एलिझाबेथ दुसरी हिचा पुतळा त्यांनी १९५६–५७ मध्ये घडविला; तिच्या चेहऱ्याला त्यांनी आफ्रिकी वळण दिले अशी त्यावेळी ओरड झाली. लेगॉसच्या संग्रहालयासाठी त्यांनी केलेले 'आन्यान्वू' हे कांस्यशिल्प त्यांची सर्वोत्तम कृती मानले जाते. सूर्याला इगबोत आन्यान्वू म्हणतात. 'आन्या' म्हणजे डोळा आणि 'आन्वू' म्हणजे सूर्य. भूमीतून उसळून वर झेपावणारी, किंचित झुकलेली ती कृश स्त्रीमूर्ती बेनिनच्या राजस्त्रियांचा केशभार मिरवते आणि आधुनिक युरोपीय शिल्पाची लवचीकताही. तिची एक प्रत १९६६ मध्ये नायजेरियाने संयुक्त राष्ट्रसंघास भेट दिली. १९५६ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांच्या पहिल्या परिषदेत एन्वोन्वूंनी आफ्रिकी कलावंतापुढील समस्यांविषयी निबंध वाचला, आणि पराधीन देशातील कलावंताचा प्रश्न राजकीय स्वातंत्र्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही हे तेथे ठासून मांडले. एन्वोन्वूंना मान पुष्कळ मिळाला. संप्रदाय मात्र निर्माण झाला नाही. तो निर्माण झाला त्यांच्यानंतरच्या पिढीत, आणि तोही एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात.

उत्तर नायजेरियातील झारिया येथे 'नायजेरियन कॉलेज ऑफ आर्ट्स, सायन्स अँड टेक्नॉलॉजी' ह्या संस्थेचा कलाविभाग होता. शिक्षक बहुतांशी इंग्रज, अभ्यासक्रम इंग्लंडच्या धर्तीचा. सभोवतालचा प्रदेश हौसा भाषेचा आणि इस्लामी संस्कृतीचा. विद्यार्थी मात्र पुष्कळसे दक्षिणेकडून आलेले इगबो, योरुबा आणि उर्होबो. घरापासून दूर असल्यामुळेच त्यांना घराचा विचार सुचला असावा. ९ ऑक्टोबर १९५८ रोजी त्यांच्यापैकी काही जणांनी झारिया कलामंडळाची स्थापना केली. उचे ओकेके, देमास न्वोको, ब्रूस ओनोब्राक्पेया, युसूफ ग्रिलो, सायमन ओकेके आणि जिमो आकोलो ही त्यांतील प्रमुख नावे. पुढील टीकाकारांनी त्यांना 'झारियाचे बंडखोर' ही पदवी बहाल केली. वस्तुतः बंड म्हणण्यासारखे त्यांनी थोडेच केले. वर्गातील अभ्यासक्रम त्यांनी निमूटपणे पुरा केला, परीक्षा दिल्या, पदव्या घेतल्या. वर्गाबाहेर मात्र ते स्वतंत्रपणे एकत्र येत, निबंध वाचत, एकमेकांच्या चित्रांची चिकित्सा करीत आणि आपापल्या जमातीच्या लोककथा, आख्याने व चिन्हे गोळा करीत. ओकेकेंनी त्यावेळी जमविलेल्या इगबो कथा १९७१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. अभ्यासमंडळ हेच त्याचे खरे वर्णन होय.

१ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला. त्याच महिन्यात ओकेकेंनी मंडळापुढे आपले निवेदन ठेवले, आणि त्यातील 'स्वाभाविक समन्वय' ही संज्ञा पुढे साऱ्या चळवळीचे बिरूद ठरली. जुन्या वारशाची नुसती नक्कल करणे व्यर्थ आहे, कारण तो ज्या समाजासाठी होता तो समाज बदललेला आहे. युरोपचे अनुकरण करणेही तितकेच व्यर्थ. नव्या राष्ट्राला जुन्या व नव्याचा, उपयोजित कलेचा आणि स्वयंप्रयोजन कलेचा मेळ हवा. तो प्रत्येक कलावंताने आपल्या विवेकाने साधावयाचा आहे, असा त्या निवेदनाचा थोडक्यात आशय सांगता येईल.

ह्या संज्ञेतील 'समन्वय' पदाची चर्चा विपुल झाली आहे. त्यामानाने 'स्वाभाविक' ह्या विशेषणाकडे दुर्लक्ष झाले. समन्वय जर स्वाभाविक असेल तर तो आपोआप घडेल, त्यासाठी निवेदनाची आवश्यकता काय? आणि निवेदन काढून, ठरवून, अभ्यासाने जर तो साधावयाचा असेल तर तो स्वाभाविक कसा? ही विसंगती केवळ शाब्दिक नाही. बावीस-पंचवीस वर्षांच्या तरुणांना जे स्वभावतः मिळावयास हवे होते ते मिशनशाळेने आणि महाविद्यालयाने त्यांच्यापासून तोडले होते; तोडलेले पुन्हा जोडण्याच्या कृत्रिम खटपटीला त्यांनी स्वाभाविक म्हटले. त्या विशेषणात वस्तुस्थितीचे वर्णन कमी आणि मनोरथ अधिक आहे. तरीही मरे ह्यांच्या उपदेशाहून ह्यात एक मूलभूत भेद होता. मरे विद्यार्थ्यासाठी निवड करीत होते, झारियाचे विद्यार्थी ती स्वतः करीत होते. योरुबांच्या 'आशा' शब्दाचा धात्वर्थ येथे पुन्हा आठवतो.

ओकेकेंनी जे निवडले ते उली. इगबो स्त्रिया काही वनस्पतींच्या शेंगांचा रस काढून त्याने शरीरावर रेखाटन करीत; काही तासांत ती रेषा काळसर होई आणि सुमारे आठवडाभर टिके. हेच आकृतिबंध भिंतींवर मातीच्या रंगांनी उमटविले जात आणि पावसाळ्यात धुऊन जात. वेटोळे घातलेला साप, कोला फळाच्या फोडी, चंद्र, तारे अशी त्यांतील चिन्हे. उलीचा विशेष मात्र चिन्हांत नाही, मोकळ्या जागेत आहे. अंगाचा किंवा भिंतीचा मोठा भाग रिता ठेवून एकाच बाजूला एक-दोन चपळ रेषा अशा ओढावयाच्या की त्या रित्या जागेलाच आकार यावा. ओकेकेंच्या मातोश्रींना ही विद्या अवगत होती आणि तिच्या रीती त्यांनी तिच्याकडूनच समजावून घेतल्या. १९६२ मधील त्यांच्या 'ओजा' मालिकेतील शाईची रेखाटने पाहिली म्हणजे हा अभ्यास किती खोलवर गेला होता ते कळते. ओजा म्हणजे इगबोंची बासरी. कागदाचा बहुतेक भाग कोरा, आणि एक रेषा फिरत फिरत जाऊन एखादा चेहरा, एखादे पान, एखादे वेटोळे होऊन थांबते. कोणत्याही निवेदनाने न साधणारा समन्वय येथे साधला आहे.

परंतु ह्या यशाची दुसरी बाजू इतिहासकाराने झाकून ठेवता कामा नये. उली ही स्त्रियांची कला. ती कागदावर आली, महाविद्यालयात शिरली, प्रदर्शनात लागली, तेव्हा तिचे नामवंत अभ्यासक बहुतांशी पुरुष होते. ज्या स्त्रियांच्या हातांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जगविली त्यांची नावे कलेच्या इतिहासात क्वचितच आढळतात. ज्या दशकांत उलीचा विद्यापीठीय लौकिक वाढत गेला त्याच दशकांत खेड्यांतील शरीरावरची व भिंतीवरची उली मिशनऱ्यांच्या नापसंतीमुळे, कापडाच्या प्रसारामुळे आणि सिमेंटच्या भिंतींमुळे ओसरत गेली. एकीच्या उदयाने दुसरीचा ऱ्हास घडविला असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि पहिलीची नोंद झाली, दुसरीची त्यामानाने फार थोडी.

'म्बारी' ह्या शब्दाचा प्रवास हे ह्याच स्थित्यंतराचे आणखी एक उदाहरण. ओवेरी भागातील इगबो लोक आला ह्या भूदेवतेच्या प्रीत्यर्थ म्बारीगृह बांधीत. निवडलेली माणसे महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक काळ, गावापासून वेगळी राहून वारुळाच्या मातीच्या मूर्ती घडवीत. त्यांत देवी असे, तिचे कुटुंब असे, पशू असत, आणि त्यांच्या बरोबरीने गोरा अधिकारी, सायकल, मोटारगाडी ह्यांनाही जागा मिळे. जीवनात जे जे नवे व भीतिदायक शिरले त्याला मातीत बसवून टाकण्याची ही रीत होती. समन्वय म्हणावयाचा तर तो येथे निवेदनावाचूनच चालू होता. गृह पुरे झाले की उत्सव होई आणि नंतर ते पावसाच्या हवाली केले जाई. त्याची डागडुजी करावयाची नाही असा संकेत होता. घडविण्याची क्रिया हेच तेथे प्रयोजन होते, कृती हे तिचे अवशिष्ट. चिनुआ अचेबे ह्यांनी इगबो कलेविषयी लिहिताना ह्याच मुद्द्यावर भर दिला आहे.

१९६१ मध्ये इबाडन येथे लेखक-कलावंतांचे एक मंडळ स्थापन झाले. उल्ली बायर, वोले शोयिंका, क्रिस्तोफर ओकिग्बो, जे. पी. क्लार्क, एझेकिएल म्फाहलेले प्रभृती त्यात होते. अचेबे ह्यांच्या सूचनेवरून त्याचे नाव 'म्बारी' ठेवण्यात आले. ओकेके आणि न्वोको ह्यांच्या चित्रांचे प्रदर्शन त्याच वर्षी तेथे भरले. नाव पावसात विरघळणाऱ्या मातीच्या घराचे. मंडळाचे कार्य मात्र पुस्तके छापणे, चित्रे टिकविणे आणि कीर्ती पसरविणे हे. त्याला मिळणाऱ्या अर्थसाहाय्याचा मोठा वाटा 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' ह्या संघटनेमार्फत येई आणि त्या संघटनेला अमेरिकन गुप्तहेरखात्याचा पैसा मिळत होता, हे १९६६–६७ मध्ये उघडकीस आले. ह्यावरून मंडळातील कलावंत कोणाच्या तालावर नाचत होते असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे आहे. त्यांना ते ठाऊक असल्याचे दिसत नाही, आणि त्यांच्या कृतींतही तसे काही आढळत नाही. पण स्वतंत्र राष्ट्राच्या स्वतंत्र कलेचे पहिले घर कोणाच्या पैशाने उभे राहिले ही बाब प्रयोजनाच्या चर्चेत वगळता येत नाही.

हेच नाव ओशोग्बो ह्या योरुबा गावी पोहोचले तेव्हा एक मौज झाली. 'म्बारी' हा इगबो शब्द तेथील लोकांच्या कानांना योरुबा वाटला आणि त्यांनी त्याला 'म्बायो' जोडून 'मला पाहावयास मिळाले तर मला आनंद होईल' अशा अर्थाचे वाक्यच बनविले! लोकव्युत्पत्तीची इतकी निर्मळ उदाहरणे विरळा. 'म्बारी म्बायो' हेच मग तेथील केंद्राचे नाव झाले. नाटककार दुरो लादिपो ह्यांच्या सहकार्याने बायर आणि पुढे जॉर्जिना बायर ह्यांनी तेथे १९६२ पासून अल्पकालीन कार्यशाळा चालविल्या. औपचारिक कलाशिक्षण न घेतलेल्या तरुणांना रंग व साहित्य देऊन मोकळे सोडावे अशी त्यांची पद्धत होती. ट्विन्स सेव्हन सेव्हन ह्यांच्यासारखे अस्सल प्रतिभेचे चित्रकार त्यांतून निघाले. झारियाच्या पदवीधरांना मात्र हा प्रकार रुचला नाही. त्यांच्या दृष्टीने अशिक्षितपणालाच आफ्रिकीपणाचे लक्षण ठरविणारी मरे ह्यांची भूमिका येथे नव्या रंगात अवतरली होती. युरोपीय संग्राहकांची ओशोग्बोच्या चित्रांकडे विशेष ओढ होती हे पाहता त्यांचा राग अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. पण ओशोग्बोच्या कलावंतांना त्यांनी क्वचित अन्याय केला हेही तितकेच खरे.

प्रयोजन बदलले की वस्तूचे काय होते हे पाहावयाचे असेल तर क्षणभर चित्रकला बाजूस ठेवून एका मडक्याकडे पाहणे इष्ट. लाडी क्वाली ही ग्वारी जमातीची कुंभार स्त्री. १९५४ मध्ये ती मायकेल कार्ड्यू ह्या इंग्रज कुंभकाराच्या आबुजा येथील केंद्रात दाखल झाली. चाकावाचून, मातीची वळी एकावर एक रचून ती मोठमोठे घडे करी आणि त्यांवर सरडे, साप, मासे कोरी. गावी हे घडे उघड्या जाळात भाजले जात. ते सच्छिद्र असल्यामुळे त्यांतील पाणी थंड राही. केंद्रात तेच घडे काचेसारखी झिलई देऊन उच्च तापमानाच्या भट्टीत भाजले जाऊ लागले. ते देखणे झाले, अभेद्य झाले, लंडनच्या प्रदर्शनात गेले. पाणी मात्र आता त्यांत थंड होईना. नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेवर लाडी क्वालीचे चित्र पुढे छापले गेले.

सेनेगलमध्ये प्रयोजन ठरविण्याचे काम राज्यसंस्थेने अंगावर घेतले. कवी आणि राष्ट्राध्यक्ष लिओपोल्ड सेदार सेंघोर ह्यांनी १९६० ते १९८० ह्या काळात 'नेग्रित्यूद' ह्या आपल्या तत्त्वज्ञानाला अनुरूप अशी राष्ट्रीय कला घडविण्याचा प्रयत्न केला. डाकारच्या कलाशाळेत पापा इब्रा ताल आणि पिएर लोड हे उत्स्फूर्ततेचा पुरस्कार करीत, तर इबा न्जाय (१९२८–२००८) शिस्तबद्ध शिक्षणाचा. एप्रिल १९६६ मध्ये डाकार येथे कृष्णवर्णीयांच्या कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरला. त्यातील समकालीन कलेच्या प्रदर्शनाची जबाबदारी न्जाय ह्यांच्याकडे होती. पुढच्याच वर्षी ते पॅरिसला निघून गेले. आफ्रिकी चित्रकाराकडून 'आफ्रिकीपणा'ची अपेक्षा बाळगणे हा त्याला पुन्हा कोंडून ठेवण्याचाच एक प्रकार आहे, असा इशारा त्यांनी दिला होता. राजाश्रय म्हणजे काय असते त्याचा प्रत्यय सेंघोर पायउतार झाल्यावर आला. १९८३ मध्ये डाकारच्या कलाग्रामातून कलावंतांना लष्कराकरवी हुसकावून लावण्यात आले. इसा सांब ह्यांचा १९७४ च्या सुमारास स्थापन झालेला 'लाबोरात्वार आजिटआर' हा गट त्यानंतर एका घराच्या अंगणात, झाडाखाली, चिंध्या आणि टाकाऊ वस्तू टांगून आपले प्रयोग करीत राहिला.

नायजेरियात ह्या मधल्या काळात यादवी युद्ध झाले (१९६७–७०). ओकिग्बो १९६७ मध्ये न्सुक्काच्या परिसरातील लढाईत मारले गेले. युद्ध संपल्यावर ओकेके न्सुक्का येथील विद्यापीठात रुजू झाले आणि त्यांनी उलीला अभ्यासक्रमात स्थान दिले. ओबिओरा उदेचुक्वू ह्यांच्या युद्धोत्तर रेखाटनांत तीच मितभाषी रेषा उपासमार, निर्वासित आणि लाचखाऊ पुढारी ह्यांचे चित्रण करू लागली. स्वातंत्र्याच्या पहाटे जी रेषा बासरीच्या सुरासारखी वाहिली होती तिला आता आरोपपत्र लिहावयाचे होते. न्सुक्का-संप्रदायाचे खरे मोल येथे आहे; उलीची चिन्हे गिरविणाऱ्या असंख्य दुय्यम चित्रांत ते नाही.

न्सुक्का येथेच १९७५ मध्ये घानाहून एल अनात्सुई (जन्म १९४४) हे शिल्पकार अध्यापनासाठी आले. ते इगबो नव्हते आणि उली त्यांची नव्हती. त्यांनी त्या वातावरणातून चिन्हे न घेता विचार घेतला. १९९८ च्या सुमारास त्यांना दारूच्या बाटल्यांच्या टोपणांनी भरलेली एक पिशवी सापडली. ती टोपणे ठोकून सपाट करावयाची, दुमडावयाची आणि तांब्याच्या तारेने एकमेकांस जोडावयाची अशी त्यांची रीत ठरली. त्यांतून भिंतभर पसरणारी सोनेरी-तांबडी धातुवस्त्रे निर्माण झाली. मद्य हा युरोप आणि पश्चिम आफ्रिका ह्यांच्यातील व्यापाराचा, त्यात गुलामांचाही व्यापार आला, एक जुना माल होता हे लक्षात घेतले म्हणजे त्या चकाकीची छटा बदलते. ही वस्त्रे कशी टांगावयाची हे अनात्सुई सांगत नाहीत. मांडणाऱ्याने ती आपल्या बुद्धीने चुणीदार करावी, जमिनीवर सोडावी, कोपऱ्यात वळवावी. प्रत्येक मांडणीत कृती निराळी. व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाने २०१५ मध्ये त्यांना आजीवन कार्याबद्दल सुवर्णसिंह दिला. त्या वर्षीच्या प्रदर्शनाचे संयोजक ओक्वुई एन्वेझोर (१९६३–२०१९) हे नायजेरियनच होते. २००२ मध्ये कासेलच्या 'दोकुमेंटा' प्रदर्शनाची सूत्रेही त्यांच्याकडे होती आणि १९९४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या नियतकालिकाचे नाव होते 'न्का'.

हे सारे घडण्यापूर्वी पॅरिसमधील १९८९ च्या 'पृथ्वीवरील जादूगार' ह्या प्रदर्शनाने आफ्रिकी कलेला जागतिक व्यासपीठ मिळवून दिले, असे मानण्याचा प्रघात आहे. ह्या समजाला मर्यादा आहे. त्या प्रदर्शनात घानातील चित्रविचित्र आकारांच्या शवपेट्या होत्या, किन्शासाचे शेरी सांबा होते, आयव्हरी कोस्टचे ब्रूली बुआब्रे होते. झारिया, न्सुक्का, खार्टूम, माकेरेरे येथील विद्यापीठांत शिकून तयार झालेल्या पिढ्या मात्र तेथे जवळजवळ अनुपस्थित होत्या. मरे आणि ओनाबोलू ह्यांचा बासष्ट वर्षांपूर्वीचा वाद युरोपच्या राजधानीत पुन्हा मांडला गेला, आणि निकालही पूर्ववत लागला. त्यानंतर बाजाराने दखल घेतली. एन्वोन्वूंनी १९७३–७४ मध्ये इफेची राजकन्या आदेतुतू हिची रंगविलेली 'टूटू' चित्रे दीर्घकाळ बेपत्ता होती. त्यांपैकी एक लंडनमधील एका घरात आढळले आणि २०१८ मध्ये १२ लाख पौंडांहून अधिक किमतीस विकले गेले. नायजेरियात ज्याच्या छापील प्रती घरोघरी भिंतींवर होत्या, त्याचे मूळ एका परदेशी दिवाणखान्यात अज्ञात पडून होते.

राणीमाता इदिया हिच्या मुखवट्याची हकीकत ह्याच्याशी मिळतीजुळती आहे. सोळाव्या शतकात ओबा एसिगी ह्या बेनिनच्या राजाच्या काळात हस्तिदंतात कोरलेला, जेमतेम वीतभर उंचीचा हा मुखवटा १८९७ च्या ब्रिटिश स्वारीत लुटला गेला आणि पुढे ब्रिटिश म्यूझियममध्ये दाखल झाला. लेगॉस येथे १५ जानेवारी ते १२ फेब्रुवारी १९७७ ह्या कालावधीत कृष्णवर्णीयांच्या कलांचा दुसरा जागतिक महोत्सव भरला तेव्हा नायजेरियाने तो बोधचिन्ह म्हणून निवडला आणि महोत्सवापुरता उसना मागितला. वस्तू नाजूक आहे ह्या सबबीवर संग्रहालयाने नकार दिला. अखेर बेनिनमधील एका कारागिराकडून नवी प्रतिकृती कोरून घेण्यात आली. कापडावर, पाट्यांवर, तिकिटांवर जिकडे तिकडे हा मुखवटा झळकला. मूळ वस्तू लंडनमध्येच राहिली. ती प्रतिकृती घडविणारा कारागीर राजदरबारच्या जुन्या कोरीवकामाच्या परंपरेतलाच होता. १९७७ मध्ये कोरलेल्या त्या हस्तिदंताला समकालीन आफ्रिकी कला म्हणावे किंवा कसे, ह्याचे उत्तर त्यावेळी कोणी शोधले नाही.

२०२२ मध्ये जर्मनीने आपल्याकडील बेनिन-वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली आणि काही वस्तू प्रत्यक्ष परत केल्या. २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९ वस्तू परत केल्या. मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी परत येणाऱ्या वस्तूंचा स्वामी बेनिनचा ओबा होय असे घोषित केले. बेनिन शहरात उभारण्यात आलेल्या नव्या कलासंग्रहालयाच्या उद्घाटनाच्या तोंडावर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, निदर्शक आत शिरले. ह्या वस्तू संग्रहालयात ठेवावयाच्या की राजवाड्यात, हा त्यांचा प्रश्न होता.